कारखान्याचा पाय

सकाळी दोन मोजे, दुपारी चार, पाळी सुटताना सहा. गुडघ्याखाली उरलेला पाय दिवसभरात आक्रसत जाई, कृत्रिम पायाची वाटी सैल पडे आणि वजनकाट्यावर काम करणारी ती एकावर एक मोजे चढवत राही. आता सहाही पुरेनात. कातडी सोलवटली होती.

पाय कारखान्याने दिला होता. म्हणजे आधी तिथल्याच यंत्राच्या पट्ट्याने नेला, मग कारखान्याने दिला. तेव्हापासून पाहुणे आले की साहेबांचा निरोप यायचा, "जरा चालून दाखव." काट्यापासून दारापर्यंत एकवीस पावलं. परवाही तिने दात आवळून ती सरळ टाकली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिने नवी वाटी मागितली, तर साहेब हसले.

"अगं, झकास तर चालतेस! बरं, देऊ. पण पाच वर्षं नोकरी सोडणार नाही, एवढं लिहून दे."

तो कागद आज बिनसहीचाच पिशवीत होता. पाय बनवणारे काका तिच्या गुडघ्याभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळत होते.

"हलू नकोस. साचा वाकडा उठेल."

"कुठे जातेय मी, काका!"

शेजारी बसलेली ताई फुरंगटली. "तेच तर! दोन वर्षं माझ्या शिलाईच्या दुकानात तुझी खुर्ची रिकामी आहे. दर वेळी 'बघू'. आता मांजर बसतं तिच्यावर. तुझ्यापेक्षा वेळेवर येतं."

तिला हसू आलं, पण पट्ट्या घट्ट होत चालल्या होत्या आणि आत पाय जखडल्यासारखा झाला होता.

काकांनी हात पुसून वही ओढली. "बिल नेहमीसारखं कारखान्याच्याच नावावर ना?"

"मी भरलं तर?"

"साधी वाटी बसवीन. हप्त्याने दे. पण पुढची दुरुस्ती, पुढची वाटी, सगळं तुझ्याच डोक्यावर. एखादा महिना कुबड्यांवरही काढावा लागेल. विचार कर."

ताईलाही हिशेब कळत होता. दुकान काही सोन्याची खाण नव्हती.

काकांचं पेन वहीवर टेकलं. कारखान्याच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलं.

"खोडा ते," ती म्हणाली. "माझं नाव लिहा. मी नोकरी सोडतेय."