संध्याकाळची माशी

फेस्टीने आपल्या जुन्या सोबत्याच्या, कोल्मनच्या होडीतली मासे धरायची काठी उचलली आणि दोऱ्याचं टोक बोटांत धरलं. टोकाला गळावर पिसं बांधून केलेली नकली माशी नव्हती. तुटून गेली म्हणावं, तर दोरा नीट गुंडाळून ठेवलेला होता. माश्यांची डबीसुद्धा होडीत नव्हती. म्हणजे कोल्मन मासे धरायला आलाच नव्हता.

पलीकडे बोरूंपाशी पोलिसांनी कोल्मनला नुकतंच वर काढलं होतं. सगळा जन्म या सरोवरावर होडी वल्हवून परगावच्या हौशी लोकांना ट्राउट मासे मिळवून देणारा माणूस कालच्या शांत पाण्यात बुडाला, हे गावाच्या गळी उतरणार नव्हतं. गावाची फेस्टीला फिकीर नव्हती. फिकीर होती ती डेलियाची. बायको गेल्यावर कोल्मनला ही एकच मुलगी उरली होती, आणि गेल्याच रविवारी तिने सांगितलं होतं की लग्न करून आपण बॉस्टनला चाललो.

“जा की,” बाप म्हणाला होता. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

ती धक्क्यावरून धावत येत होती. फेस्टीने घाईघाईने आपली डबी उघडली.

काल संध्याकाळी वारा पडला होता. मे महिन्यात अशा वेळी खऱ्या माश्या पाण्यावर अंडी घालतात आणि तिथेच पंख पसरून मरतात. ट्राउट खालून त्यांना सावकाश टिपतात. तेव्हा जाणता माणूस तसलीच पंख पसरलेली, पिसांची तपकिरी माशी लावतो, दुसरी कुठलीही नाही. फेस्टीने ती निवडून बांधली. मग त्याने ती पाण्यात बुचकळली.

“काका, खरं सांगा. मासे धरत होते ना बाबा?”

“नाहीतर काय, नाचत होता? ही बघ, संध्याकाळची माशी. मोठं धूड लागलं असणार, जाळी घालायला उठला आणि गेला तोल. किती वेळा सांगितलं, म्हाताऱ्या, होडीत उभा राहू नकोस. ऐकेल तर कोल्मन कसला!”

डेलियाने माशी तळहातावर घेतली. बाप आणि फेस्टी, दोघांच्या माश्या तीच बांधायची. एका होडीत बसले की त्या एकमेकांत मिसळायच्या, मग भांडण. ‘चोरा, ती माझी!’ ‘तुझी? तोंड बघ आरशात!’ शेवटी वैतागून तिने बापाच्या माश्यांच्या डोक्याला काळा दोरा गुंडाळायला सुरुवात केली आणि काकाच्या माश्यांना लाल. तेव्हापासून भांडायला काही उरलं नाही, म्हणून दोघेही तिच्यावर रुसले होते.

तिने माशीच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

“हो,” ती म्हणाली. “बाबांनी हीच लावली असती.” मग ती होडीतच बसली आणि ढसाढसा रडली.

दफन झाल्यावर सगळे चहाला कोल्मनच्या घरी आले. फळीवर बायकोच्या फोटोशेजारी कोल्मनची माश्यांची डबी होती, पुसून ठेवलेली. फेस्टीने चटकन नजर वळवली आणि चहा जीभ पोळेपर्यंत घाईने प्यायला.

“बॉस्टनला जाशील ना, पोरी?” दारात त्याने विचारलं.

“जाईन. बाबा जा म्हणालेत.”

तिने त्याची टोपी हातात घेतली, एप्रनच्या खिशातून ती माशी काढली आणि टोपीला टोचली.

“डबीत ठेवू नका, काका. ओली झाली होती, गळाला गंज चढेल. टोपीवरच वाळू दे.” तिने टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली, कॉलर सारखी केली आणि क्षणभर त्याच्या छातीवर कपाळ टेकलं.

वळणापर्यंत फेस्टी सरळ चालत गेला. तिथे त्याने टोपी काढून उन्हात धरली. माशीच्या डोक्याला लाल दोरा होता.

तो तसाच बोडक्या डोक्याने घरी गेला, टोपी दोन्ही हातांत धरून.