सायकलच्या ट्यूबची पट्टी

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, एका पिठाच्या गिरणीच्या वर सुजित सॅक्सोफोन शिकवायचा. जिन्याशी पाटी होती, 'सॅक्सोफोन आणि जॅझ. वय कितीही चालेल, काही येत नसलं तरी चालेल.' पाटीवरचं अक्षर न् अक्षर खरं होतं. खोटं जे काही होतं ते सुजितच्या तोंडात होतं.

आठ वर्षांपूर्वी क्लास उघडला तेव्हा पहिल्याच बाईंनी दारातून विचारलं, "तुम्ही बँडवाले नाही ना?" विचारताना त्यांनी नाक असं काही मुरडलं, की सुजित बोलून गेला, "छे हो! मी बांद्र्याला एका फादरकडे शिकलो." या गृहस्थाने बांद्र्यात कधी वडापावसुद्धा खाल्लेला नव्हता. तो शिकला विठ्ठलवाडीच्या हिरामण मास्तरांकडे, त्यांच्या लाल कोटाच्या बँडमध्ये, सहा वर्षं, वरातीत चालता चालता. जॅझही त्यांनीच त्याच्या कानात घातलं. त्यांच्याकडे जुन्या कॅसेटी होत्या. त्यातला वाजवणारा ठरलेली चाल सोडून मोकळा सुटला, की मास्तर बोट वर करायचे, "हितून पुढं कागद न्हाई. हितून पुढं तू."

थाप एकदा मारली की तिला पोसावं लागतं. विद्यार्थी विचारत गेले तसा फादरला चष्मा आला, मग दमा आला. शेवटी कोणीतरी "एकदा भेटवा ना सर" म्हणून फारच मागे लागलं, तेव्हा सुजितने फादरला मारून टाकलं. सगळ्या क्लासने दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. सुजितही मान खाली घालून उभा होता, आणि ती मान खोटी नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी, भर क्लासमध्ये, हिरामण मास्तर जिना चढून आले. हातात सॅक्सोफोनची काळी पेटी, अंगात धुवट सदरा. गाल आत गेलेले. "सुज्..." एवढं म्हणाले आणि थांबले. समोर बँकेतली तेजल बसली होती, आनंदनगरच्या कंपनीतून रिटायर झालेले दौलतराव बसले होते, कॉलेजातला सम्यक बसला होता. आणि सुजितचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"या काका," सुजित म्हणाला. "नवीन ॲडमिशन का?"

मास्तरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग पेटी खाली ठेवली.

"व्हय, सर. वय कितीबी चालतं असं खाली लिवलंय."

सुजितला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण जमिनीखाली पिठाची गिरणी होती, आणि समोर तीन माणसं त्याला सर म्हणत होती. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

मास्तरांनी अडचण सांगितली. वरचे सगळे दात काढले, कवळी बसवली. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकवायचे असतात. आता फुंकायला जावं तर कवळीच सुटून खाली येते. "दिवाळीनंतर नातीचं, रोहिणीचं लगीन हाय. तिच्या हळदीत दोन गाणी वाजवायची हायत. बाकी काय नको."

"आधी कधी वाजवलंय का काका?" तेजलने विचारलं.

मास्तरांची नजर पुन्हा सुजितकडे गेली. "न्हाई म्हणा की."

"मग ही युक्ती बघा." तेजलने स्वतःचा माउथपीस उत्साहाने पुढे केला. त्याच्यावर सायकलच्या ट्यूबची नखाएवढी पट्टी चिकटवलेली होती. "याने दात घसरत नाहीत. बाजारात असल्या पट्ट्या विकत मिळतात, पण त्यांना ट्यूबच्या पट्टीची सर नाही. आमच्या सरांच्या गुरूंनी, बांद्र्याच्या फादरनी शोधून काढली."

ती पट्टी हिरामण मास्तरांची होती. खड्ड्यांच्या रस्त्यावर, नाचणाऱ्यांचे धक्के खात वाजवताना दात घसरू नयेत म्हणून त्यांनी ती कापली, आणि बँडमधल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लावून दिली. मास्तरांनी पट्टीवरून अंगठा फिरवला.

"हुशार मानूस असनार तुमचा फादर," ते म्हणाले.

क्लास सुटल्यावर सुजित त्यांच्यामागे जिन्यात धावला. "मास्तर, मी..." पण वरून दौलतराव उतरत होते. मास्तरच मोठ्याने म्हणाले, "येतो, सर. पुढल्या शनिवारी." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

ते दर शनिवारी येत राहिले. दौलतरावांच्या शेजारी बसायचे आणि नवशिक्यासारखा एकच सूर लावायचे. सुजितने त्यांना वरचा ओठही दातांवर आत वळवून धरायला शिकवलं. कवळी पूर्वीपेक्षा थोडी जास्त वेळ टिकू लागली. पण कवळी टिकलेली असतानाही मास्तर मुद्दाम चुकायचे. बोट भलतीकडे पडलं की "चुकलं, सर" म्हणायचे. सुजित "छान, काका" म्हणायचा, आणि घरी गेल्यावर त्याला जेवण जायचं नाही. पुढच्या शनिवारी सांगू, असं तो दर शनिवारी ठरवायचा.

गुरुपौर्णिमेला सगळे नारळ-फुलं घेऊन आले. तेजलने कोपऱ्यात फादरसाठी एक मेणबत्तीसुद्धा लावली. पूर्वी या दिवशी सुजित विठ्ठलवाडीला जायचा, मास्तरांच्या पायावर डोकं ठेवायचा. क्लास उघडल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता. आज तो खुर्चीवर बसला होता. एकेक जण पुढे येऊन वाकत होता. तेजल झाली, सम्यक झाला, दौलतरावही गुडघे धरून वाकले. त्यांच्यामागे रांगेत, हातात नारळ घेऊन, हिरामण मास्तर उभे होते.

आता बोल, आता तरी बोल, असं सुजित स्वतःला बजावत राहिला. मास्तर समोर आले. नारळ त्याच्या हातात दिला आणि कंबरेवर हात ठेवून हळूहळू वाकले. सुजितने पाय झटकन मागे ओढले.

"पाय मागं घेऊ नगंस," मास्तर त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं पुटपुटले. "पोरं बघत्यात."

आणि त्यांनी हात लावला. ज्या बोटांनी सुजितची बोटं एकेक करून बाजावर ठेवली होती, ती बोटं त्याच्या पायांना लागली.

सुजित ताडकन उठला. नारळ हातातून गडगडत गेला. "फादर कोणी नव्हताच," तो म्हणाला. "ही पट्टी यांची. तुम्हाला शिकवलेलं सगळं यांचं. मी यांच्या बँडमध्ये सहा वर्षं वाजवलंय. वरातीत, लाल कोट घालून. हे माझे गुरू आहेत, आणि मी यांना काका म्हणालो."

तेजलने मेणबत्तीकडे पाहिलं. "पण सर, आपण तर उभं राहून शांतता..." दौलतरावांनी सुरुवात केली आणि वाक्य अर्धवट सोडलं.

सुजित खाली बसला, मास्तरांच्या पायांशी वाकला. मास्तरांनी पाय मागे घेतले.

"आता नगं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "मी वाकायच्या आधी बोलला असतास, तर घेतला असता नमस्कार."

मग ते जाऊन दौलतरावांच्या शेजारच्या आपल्या जागेवर बसले. पेटी उघडली. "कवळी अजून सुटती रं. तेवढं बघ. रोहिणीची हळद हाय."

सुजितने खण उघडून ट्यूबचा तुकडा काढला, नवी, जाड पट्टी कापायला घेतली. कात्री सरकली आणि पट्टी वाकडी कापली गेली. मास्तरांनी ती तशीच लावून घेतली.