शेपटीतली जागा

बार्डस्ली कंपनीचा विमान कारखाना ज्या दालनात होता, तिथं जर्मनांशी लढाई जुंपण्याआधी लंडनजवळच्या किंग्स्टनची पोरंपोरी चाकांचे बूट घालून घसरत असत. आता तिथं दुपंखी विमानं उभी राहत, आणि त्यांच्या पोकळ शेपटीत शिरायचं काम फ्लॉसी डनचं. अंगानं काडी, म्हणून सगळे तिला उंदीर म्हणत. वैमानिकाच्या बैठकीमागून डोकं घालायचं, सरपटत टोकापर्यंत जायचं, तारांचे पेच आवळायचे आणि तसंच उलटं मागं यायचं. फ्लॉसीला या कामाचा मोठा तोरा होता. आता मात्र शेपटी दिसली की तिला धडकी भरे, कारण तिला सहावा महिना लागला होता. बाळाचा बाप लेन फ्रान्सच्या चिखलात लढत होता, लग्न राहिलेलं. कारखान्यात कळलं की हकालपट्टी, आणि पगार गेला की घरमालकीण पेटी रस्त्यावर ठेवणार. म्हणून ती रोज सकाळी श्वास कोंडेपर्यंत पोट आवळून बांधत होती.

त्या दिवशी मुकादम क्रॉलला घाई सुटली होती. जेवणानंतर लष्कराचा तपासनीस यायचा होता. एरवी आतलं काम उरकल्यावर शेपटीच्या लाकडी सांगाड्यावर कापड शिवत. आज फ्लॉसी आत असतानाच त्यानं मिसेस टॅगर्टला, शिवणाऱ्या बायांच्या म्होरकीला, कामाला लावलं.

शेवटचा एक पेच उरला आणि फ्लॉसीला आत राहवेना. ती मागं सरकू लागली. लाकडी चौकटीपाशी पोट अडलं. तिनं कूस बदलली, तर आणखीच घट्ट बसलं. रोगणाच्या वासानं डोकं भणभणत होतं. तार पोटात रुतली, बाळानं लाथ मारली, आणि तिला रडू कोसळलं.

"काय गं उंदरा, झोपलीस का आत?" क्रॉल ओरडला. "का रविवारचं पुडिंग जास्त झालं?"

बाया खिदळल्या.

"मिसेस टॅगर्ट," फ्लॉसी कापडाशी तोंड नेऊन कुजबुजली, "अडकलेय हो मी. उसवा ना."

"थांब बाई, ओढाताण करू नकोस. कुठं अडलीस?"

मिसेस टॅगर्टनं बाहेरून चाचपलं. फुगवट्यावर येऊन हात थांबला. आतून पुन्हा लाथ बसली. चार लेकरांच्या आईला आणखी काय सांगायचं?

"मिस्टर क्रॉल, शिवण वाकडी पडलीय माझी. उसवतेय."

"आत्ता? डोळे फुटले का?"

"फुटले. तुमच्याकडे बघून बघून."

तिनं भराभरा टाके काढले, फ्लॉसीला बगलेत धरून बाहेर ओढलं आणि स्वतःचं ॲप्रन तिच्याभोवती गुंडाळलं. "बोलू नकोस कुणाला," ती कानात म्हणाली. "उद्या बघू काहीतरी."

सुटले, असं फ्लॉसीला वाटलं.

क्रॉलनं वाकून आत पाहिलं. "टोकाचा पेच ढिलाच आहे की! शिवण हिची चुकली, तुझं काय बिघडलंय? शिर परत. आणि मिसेस टॅगर्ट, ही आत गेली की लगेच शिवून टाका. येईल ती नेहमीसारखी पुढून, बैठकीकडून."

थाप मिसेस टॅगर्टचीच, आणि तीच आता अंगाशी आलेली. फ्लॉसीनं त्या उसवलेल्या भोकाकडे पाहिलं. रस्त्यावरची पेटी तिच्या डोळ्यांपुढे आली, आता न उघडणारं आईचं दार आलं. मग तिचा हात पोटावर गेला. तार रुतली होती तिथं अजून दुखत होतं.

तिनं ॲप्रन सोडलं आणि घडी करून मिसेस टॅगर्टच्या हातात दिलं.

"नाही, मिस्टर क्रॉल," ती म्हणाली. "आम्ही दोघं नाही मावत आत."