एका रेघेचे कार्ड

मी एक जुने कार्ड आहे. पत्त्यांतले नव्हे, आणि रेशनचेही नव्हे. बोटभर लांबीच्या पांढऱ्या प्लॅस्टिकचे, मधोमध कागदी पट्टी असलेले, रक्त तपासायचे कार्ड. पाटसच्या पुढे हायवेला एक ढाबा आहे. त्याच्या पाठीमागे अनसाबाईच्या खोल्या आहेत. तिथल्या देव्हाऱ्यात देवीच्या तसबिरीला टेकवून मला ठेवले आहे. माझ्या अंगावर हळदीकुंकू आहे. मित्रांनो, माझी जागा देव्हाऱ्यात नाही. मी तिथे कसे पोहोचले आणि त्यामुळे काय झाले, ते ऐका.

माझा जन्म एका थंडगार, स्वच्छ कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या बायकांनी मला चंदेरी पाकिटात बंद केले. माझे काम त्यांनी आधीच ठरवून दिले होते. एचआयव्ही शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी झगडू लागते आणि त्या झगड्याच्या खुणा रक्तात उतरतात. मी त्या खुणा ओळखते. वरची रेघ उमटली की समजायचे, कार्ड चालू आहे. तिच्याखाली दुसरी रेघ उमटली की समजायचे, खुणा सापडल्या, आता दवाखान्यात जाऊन पक्की तपासणी करायची. पण या खुणा रक्तात लगेच येत नाहीत. कित्येक आठवडे जातात, कधी तीन महिनेही. तोवर मला काही म्हणजे काही दिसत नाही. हे सगळे माझ्याबरोबरच्या कागदावर इंग्रजीत छापलेले होते.

आमचा खोका शिरूरच्या एका खासगी लॅबमध्ये आला. तिथे पप्पू नावाचा माणूस बाटल्या धुवायचा आणि गर्दी असली की रक्तही काढायचा. मालकाची पाठ वळली की तो चार पाकिटे खिशात घालायचा आणि एसटीने हायवेच्या वस्त्यांवर नेऊन विकायचा. तो छापील कागद मात्र त्याने खोक्याबरोबर उकिरड्यावर टाकला. शहाणा मोठा.

तुम्ही म्हणाल, सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी होते, मग चोरीचे कार्ड कशाला हवे? सुलक्षणाला विचारा. ती अनसाबाईकडे राहायची. पैसे घेऊन ड्रायव्हर लोकांबरोबर झोपायचे, यावर तिचे पोट होते. एकदा ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिथल्या आयाने तिला ओळखले आणि सगळ्यांदेखत म्हटले, "तू त्या ढाब्यामागची ना? तिकडं बस, लांब." बाकावरच्या बायका पदर सावरत सरकल्या. त्यानंतर अंगात ताप असला तरी सुलक्षणा दवाखान्याची पायरी चढली नाही. मला त्या आयाचा अजून राग येतो.

मात्र सुलक्षणा धंद्यात कडक होती. निरोध वापरणार नाही म्हणणाऱ्या माणसाला ती दारातून परत पाठवायची, मग अनसाबाई कितीही करवादू दे. पण एकदा निरोध फाटला. तिच्या मनात धास्ती बसली. पंधरा-वीस दिवसांनी पप्पू आला, तेव्हा तिने त्याला विहिरीपाशी गाठले.

"पप्पूभाऊ, ह्याच्यात समदं कळतं का?"

"समदं. घरच्या घरी. कुणाच्या बापाला पत्ता लागत न्हाई."

"मागल्याच महिन्यात निरोध फाटला हुता. तरी कळंल?"

"कार्ड खोटं बोलत न्हाई," पप्पू म्हणाला. तो खरेच बोलला, पण अर्धे.

दुपारी खोलीला आतून कडी घालून सुलक्षणाने बोट टोचले. थेंब माझ्यावर पडला. तिला कोणी लांब बस म्हटले नाही. मी वरची रेघ उमटवली. खालची जागा कोरी राहिली. तिने मला उराशी धरले आणि ती पोटभर रडली. मित्रांनो, आपल्या रक्ताची गोष्ट आधी आपल्याला कळावी, हा मान तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. मला फार धन्य वाटले. तीन महिन्यांनी पुन्हा बघ, एवढे चार शब्द तिला सांगायला मला तोंड असते तर.

सुलक्षणाचा आनंद लपला नाही आणि अनसाबाईने मला पाहिले. नवसाला पावलेल्या वस्तूसारखे तिने मला हळदीकुंकू लावले आणि देव्हाऱ्यात बसवले. दारात गिऱ्हाईक घुटमळले की ती मला खाली घेऊन दाखवायची. "बगा, मशिनीचं कार्ड हाय. आमच्यात रोग न्हाई."

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. केंदूरचा संपत उसाचा ट्रक घेऊन यायचा. घरी बायको असलेला, एरवी गोड बोलणारा हा सुलक्षणाचा नेहमीचा माणूस. त्याने मला हातात घेऊन पाहिले.

"कार्ड तर किलीन हाय. मग निरोध कशापायी?"

"असू द्या. निरोध पायजेच," सुलक्षणा म्हणाली.

"म्हंजी माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

अनसाबाई मध्ये पडली. "पोरी, देवीम्होरं ठिवलंय ते. देवीच्या वर शाणी झालीस का?"

इतकी वर्षे ज्या शब्दावर सुलक्षणा ठाम होती, तो शब्द माझ्यापुढे लुळा पडला. संपतचे ऐकले, मग इतरांचेही ऐकावे लागले. निरोधचा खोका कपाटावर धूळ खात पडला.

त्याच दिवसांत तिला ताप आला, अंगावर पुरळ उठले. ते गेले, पण तिची धास्ती गेली नाही. हंगाम संपता संपता तिने पप्पूकडून दुसरे कार्ड घेतले. ते माझ्याच खोक्यातले, माझे सख्खे भावंड. या वेळी दोन रेघा उमटल्या. आणि मित्रांनो, पहिल्या वेळी जो एकांत तिला सुखाचा वाटला होता, तोच आता तिला खायला उठला. पुढे काय करायचे, कुठे जायचे, कोणाला विचारायचे? भावंडाला बोलता येत नव्हते आणि मलाही. सुलक्षणा दिवसभर विहिरीच्या काठावर बसून राहिली. अनसाबाई तिला हाताला धरून घेऊन आली, पण ते मायेने नव्हे.

"खराब निघालं ते कार्ड. देवीपासलं खरं," असे म्हणून तिने माझे भावंड चुलीत घातले. "उद्यापून कामाला लाग. कुणाम्होरं तोंड उघडू नगं."

सुलक्षणाने तोंड उघडले. संपत आला तेव्हा तिने त्याला दारातच सांगितले. "ते कार्ड जुनं हाय. माझं आजचं रगत खराब हाय. तुमी तपासून घ्या, आन् घरच्या बाईला बी न्या."

संपतने तिच्या थोबाडीत मारली. मग तो उंबऱ्यावर बसला. "तिला काय सांगू म्या?" एवढेच तो म्हणत राहिला. थोड्या वेळाने उठून ट्रक घेऊन गेला. त्याने बायकोला नेले की नाही, मला माहीत नाही.

सुलक्षणाला त्याच दिवशी घराबाहेर काढले. काही दिवसांनी ती आपली पेटी न्यायला आली, तेव्हा तिने अंगणात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. ती दौंडला दुसऱ्या दवाखान्यात गेली होती. तिथे हर्षदाताई नावाच्या बाईने दार लोटून घेतले, तिला शेजारी बसवले आणि पुन्हा तपासणी केली. पहिले कार्ड फार लवकर पाहिले, हे तिथेच तिला कळले. आता तिला पुण्याला जाऊन रोग आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्यांची चौकशी करायची होती. "रोग हाय मला. पर मला आता लपायचं न्हाई," ती म्हणाली. अनसाबाईने दार लावून घेतले.

सुलक्षणाच्या खोलीत आता पूनम आली आहे. नवऱ्याने टाकलेली, पंचविशीची, कमी बोलणारी. काल एका ड्रायव्हरने कार्ड मागितले आणि अनसाबाईने मला काढून दाखवले. तो आत गेला. त्याने कपाटावरच्या खोक्याकडे बघितलेसुद्धा नाही. तो निघून गेल्यावर पूनमने विचारले, "मावशी, ते कार्ड कुणाचं हाय?"

"तुजंच," अनसाबाई म्हणाली.

मित्रांनो, पूनमचे बोट अजून कोणी टोचलेले नाही. माझ्यासारखी कार्डे जरूर वापरा, पण कोणाचे कार्ड, कधीचे, हे विचारल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका, आणि ज्याची दुसरी रेघ उमटते त्याच्या शेजारी बसा. त्या रस्त्याने कधी गेलात तर मला देव्हाऱ्यातून खाली काढा, हे हळदीकुंकू पुसा आणि मला मोडून टाका.