लाहीला शिरूरला धाडायचं ठरलं

ससा घरात आला त्या दिवशी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जबान देऊन टाकली.

माझ्या नवऱ्यानं, रुद्रेशनं, आमच्या शिवानीच्या वाढदिवसाला लातूरहून पुठ्ठ्याच्या खोक्यात तो पांढरा गोळा आणला होता. शिवानीनं झाकण उघडलं आणि तिथल्या तिथं बारसं केलं, लाही. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पदर नाकाला लावला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून खोक्यात बघितलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पण घरातली एक वस्तू कुरतडली, की त्याच दिवशी शिरूर."

शिरूर अनंतपाळजवळ आमचं शेत आहे. ते बघतो मडिवाळप्पा, आणि मडिवाळप्पाला बघतात त्याची दोन कुत्री. दिवाळीत त्यातल्या एकानं शिवानीचा फ्रॉक धरला होता. शिरूर म्हणजे काय, हे तिला सांगायची गरज नव्हती.

मामा उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत करतात. तिथं पोती उतरायच्या आधी सौदा तोंडी होतो आणि एकदा झाला की बाजार वर जावो, खाली येवो, कुणी फिरत नाही. शंकरप्पांची जबान म्हणजे चिठ्ठीची गरज नाही, असं हमालसुद्धा म्हणतात. घरातही तेच. म्हणून मी कामाला लागले.

सशाचे दात नखांसारखे वाढतच राहतात. चावायला मिळालं नाही तर तोंडच मिटायचं नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे मामांनी जी अट घातली होती ती 'श्वास घेतला की शिरूर' अशीच होती. मी पिंजऱ्यात कडब्याची पेरं टाकली, चार्जर फळीवर नेले, सोफ्याच्या पायांना पोत्याचे मोजे घातले. केरसुणीचं टोक गेलं ते मी तिच्या म्हातारपणावर ढकललं. शिवानी आल्यागेल्याला तालीम द्यायची. "कान धरून उचलायचं न्हाई. पाठीखाली हात, पायाखाली हात. आणि कान गरम लागले तर ओलं फडकं."

आत्यांचं एकच म्हणणं, "पापडात केस येतात."

"कुठं आला केस?"

"येईल की. ससाय तो."

आणि मामा? मामा लाहीकडे बघतसुद्धा नव्हते. जेवायला आले की पिंजऱ्याकडे पाठ करून बसायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं, त्या दुपारपर्यंत.

त्या दुपारी आत्या शिवानीला शाळेतून आणायला गेल्या होत्या. घर माझं एकटीचं, असं मला वाटत होतं. कपभर चहा घेऊन मी ओसरीत आले, तर दिवाणावर मामा बनियनवर उताणे झोपलेले, आणि त्यांच्या छातीवर लाही. मामांचा एक हात तिच्या पाठीवर. उशाशी मेथीची काडी. लाही डोळे अर्धे मिटून काहीतरी चघळत होती. पांढरं, बारीक, लांब. आधी वाटलं शेवई आहे.

ती शेवई मामांच्या मानेमागून येत होती.

आम्ही लिंगायत. घरात मोठी माणसं गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीची डबी, डबीत लिंग, आणि वर शिवदोरा. ते अंगावेगळं होऊ द्यायचं नसतं. झालंच तर ते मिळून पुन्हा पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मामांनी ऑपरेशनच्या वेळीही डबी मुठीत धरली होती.

"मामा, उठा."

त्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यात आधी लाहीवर टॉवेल टाकला.

"ही इथं कशी आली?"

"कडी बाहेरून लागते, मामा. तिला आतून काढता येत नाही."

ते काही म्हणणार होते, तेवढ्यात त्यांचा हात छातीवर गेला. तिथं डबी नव्हती. चेहरा असा उतरला की मी थट्टा सोडून दिली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून दिवाणाखाली शोधू लागलो. डबी गादी आणि भिंतीच्या फटीत मिळाली. मामांनी ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली. मी तोवर लाहीच्या तोंडातून दोरा हलकेच ओढून घेत होते. पोटात गेला असता तर आतड्यात अडकला असता.

"नवा दोरा हाय का घरात?" मामा हळूच म्हणाले.

"आत्यांच्या डब्यात."

तेवढ्यात फाटक वाजलं. शिवानी दप्तर टाकून पिंजऱ्याकडे धावली, तो रिकामा. आत्या दारात थबकल्या.

"अहो, छातीवर मूठ का धरली? दुखतंय का?"

"न्हाई."

"मग?"

हातात लिंग असताना मामा खोटं बोलणार नाहीत, हे आत्यांना लग्नापासून माहीत आहे.

"दोरा तुटला."

"कशानं?"

टॉवेल हलला. त्यातून एक कान बाहेर आला, मग दुसरा. शिवानीनं टॉवेलकडे बघितलं, आजोबांच्या मुठीकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

आत्या खुर्चीवर टेकल्या. आवाज अगदी शांत. "छातीवर घेऊन झोपलात व्हय."

"घरातली वस्तू न्हाई ती," मामा म्हणाले. "अंगावरची हाय. मी घरातली म्हणलो होतो."

"मोंढ्यात चालतंय का असं? पोतं फाटलं की म्हणायचं, ज्वारी माझ्या खांद्यावर होती?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर मामांनी हात वर केला. "जबान हाय. आजच जाईल."

शिवानी रडली नाही. ते जास्त वाईट. तिनं कडब्याची पेरं गोळा करून टोपलीत ठेवली, भोपळ्याच्या सालांसकट, आणि आतल्या खोलीत जाऊन पालथी झोपली. मामांनी आंघोळ केली, नवा दोरा बांधला, पूजा केली, मग पाणी प्यायले. निघताना टोपली उचलून मला विचारलं, "हिला वाटेत काय लागतं?"

मला राग आला होता. तरी सांगितलं, "ओलं फडकं टाका वरून. काकडीचा तुकडा द्या. टोपली मांडीवर ठेवा, खाली नको, इंजिन तापतं."

ते एसटी स्टँडकडे गेले.

आत्यांनी पिंजऱ्याची जागा झाडली. मग पुन्हा झाडली. मग मला म्हणाल्या, "वर्षा, ती कुत्री बांधलेली असतात का गं?"

"नसतात."

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि फोन घेतला. "मडिवाळप्पा? कुत्री बांध. दोन्हीबी. आमचे मालक निघालेत तिकडं. न्हाई, भ्यायला कशाला, ते न्हाई भीत. त्यांच्यासंगं एक पाहुणी हाय."

शिवानी आतून ऐकत होती. दाराच्या फटीत तिचे डोळे दिसले.

दिवेलागणीला फाटक वाजलं. मामांच्या एका हातात लसूणघासाचं गाठोडं, दुसऱ्या हातात टोपली. टोपलीत लाही.

शिवानी अशी धावली की चप्पल एका दारात, ती दुसऱ्या दारात. आधी पाठीखाली हात, मग पायाखाली हात, मग कान गालाला लावून बघितले. "गार हायेत," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं रडली.

"हे काय?" आत्या.

"शिरूरला नेलं. मडिवाळप्पाला विचार. बांधावर सोडलं, घास खाल्ला, आंब्याखाली लोळली."

"आणि?"

"आणि काय? जबान पुरी झाली. परत आणायचं न्हाई असं बोललो होतो का कधी? सौद्यात बोललं तेवढंच."

आत्यांनी कपाळाला हात लावला. "असंच बुडवत असाल मोंढ्यात लोकांना." मग जरा थांबून, गाठोड्यातला घास निवडता निवडता, "मला शेत दाखवून किती सालं झाली, ते आठवत न्हाई. सशाला मात्र गाडीत मांडीवर बसवून फिरवून आणलं."

मामा पाय धुवायला मोरीकडे गेले.

पुढच्या आठवड्यात, रविवारी, मी पिंजरा साफ करायला गेले तर आत मामांची नवी वहाण. अंगठा पार कुरतडलेला. कडी बाहेरून नीट लावलेली. लाही कोपऱ्यात बसून तोंड पुसत होती.

"मामा," मी हाक मारली, "जरा या इकडं."

मामा आले. वहाण बघितली, कडी बघितली, मग स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथून धपाट्यांचा वास येत होता. आत्या धुडक्यात शिदोरी बांधत होत्या, अंगावर इरकल साडी, पायात चपला.

"एसटी चुकेल," त्या म्हणाल्या. "टोपली घ्या."