अंगठेश्वर महाराज आणि दुसरी वायर

"ब्रह्मांडातल्या सगळ्या वाटा माझ्या या अंगठ्याखालून जातात!" अंगठेश्वर महाराज गरजले आणि मग हळूच त्यांनी संडास कोणीकडे आहे, ते विचारले.

बोरी अरबच्या अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. नेट गेले की महाराज मंत्र म्हणत आणि नेट परत येई. येणारी प्रत्येक बाई त्यांच्या पायाच्या अंगठ्याला कुंकू लावत होती. सरपंच पंजाबराव तर आज ही खोलीच महाराजांच्या मठाला देऊन टाकणार होते. "पोरींनी अभ्यास कुठं करायचा?" अभ्यासिका चालवणाऱ्या दीपाने विचारले. "घरी, चुलीपाशी," सरपंच म्हणाले.

महाराज परत येऊन गादीवर बसले, पाय टेबलाखाली लांबवले. भिंतीवरच्या पडद्यावर चाललेले प्राध्यापकांचे व्याख्यान थांबले.

"गेलं नेट!"

"ह्रीं फ्रीं सिग्नलाय नमः..." मंत्र संपता संपता व्याख्यान सुरू! जयजयकार झाला. दीपा मात्र टेबलाखाली वाकली होती.

"महाराज, या वायरीच्या टोकाले कुंकू काहून लागलं?"

"देवीची कृपा, बेटी."

"अंगठ्याची कृपा. तुम्हीच वायर काढून राह्यले."

तिने वायर लावली आणि स्वतः उपटली. "आता कोणी मंत्र म्हणू नका." पंजाबरावांनी शिंकसुद्धा दाबली. थोड्या वेळाने नेट आपसूक आले. मग तिने शेजारची दुसरी वायरही काढली. "म्हणा आता." मंत्र म्हणून म्हणून महाराजांचा घसा बसला, पण पडद्यावरचे प्राध्यापक आ वासून थांबले ते थांबलेच.

"या डब्याले, राउटरले, दोन वाटा हायत," दीपा म्हणाली. "एक दारव्ह्याहून आलेली वायर, दुसरी छतावरच्या छत्रीची, म्हंजे डिशची. जवळची, मोकळी वाट तो आधी धरते. ती बंद पडली की दुसरी. पुढं वाटेवरचा प्रत्येक डबा बी असंच करते." ती गर्दीतल्या जीपवाल्याकडे वळली. "प्रेमसिंगभाऊ, पूल बंद असला तं जीप यवतमाळले कशी नेता?"

"दुसऱ्या रस्त्यानं. लांब पडते, पण पोचते."

"तवा तुमच्या अंगात येते काय?"

"माह्या नाही बाप्पा, पॅसिंजरच्या येते. भाडं ऐकून!"

खोली हसली. पंजाबरावांनी अभ्यासिकेची किल्ली दीपाच्या हातात ठेवली.

"हात जोडायच्या आधी टेबलाखाली पाहत जा," ती सगळ्यांना म्हणाली. "एवढंच करा. अर्धे महाराज तिथंच सापडतीन."

आता बायांनी दार अडवले होते, आणि कुंकवाचे ताट कुणाच्याच हातात नव्हते. ब्रह्मांडातल्या सगळ्या वाटांचे मालक प्रेमसिंगच्या कानाशी वाकले.

"भाऊ, मागून निघायले एखादा रस्ता हाय काय?"