घरगाडीचा दसरा

चाकांवरचं घर रंगुबाईला नवं नव्हतं. शेवगावकडच्या कोरड्या रानातून ऊसतोडीला निघालेल्या बैलगाडीत तिचा जन्म झाला. तिची स्वतःची दोन्ही बाळंतपणंही असल्याच गाडीच्या आडोशाला झाली. त्यातलं एकच जगलं, ती सुकन्या. म्हणून कोपरगावच्या आप्पासाहेबांच्या मळ्यावर ती लांबलचक पांढरी घरगाडी आली, तेव्हा साऱ्या गड्यांनी तोंडात बोटं घातली, पण तिथं घरकामाला असलेली रंगुबाई नुसती हसली.

"आमच्यात गरीब असं ऱ्हात्यात," ती म्हणाली, "तुमच्यात श्रीमंत ऱ्हात्यात व्हय?"

गाडीचं आतलं सगळं आप्पासाहेबांनी तिच्याकडे सोपवलं, आणि तिनं ते तान्ह्या लेकरासारखं सांभाळलं. सहलीवरून गाडी परतली की गाद्या उन्हात, पडदे दोरीवर, फ्रीजचं दार उघडं. खिडक्यांच्या रबराला खोबरेल तेलाचं बोट. संडासाची टाकी ती नाकाला पदर लावून लांबच्या खड्ड्यात रिती करी. गाद्यांखाली कडुलिंबाचा पाला पसरी. पुसता पुसता ओठांवर आपसूक ओवी येई :

चाकाच्या माझ्या घरा, तुला पुसते पदरानं
लेक माझी येती दारी, घे तिला आदरानं

लेक येणारच होती. सुकन्याला दिवस गेले होते, पौषात बाळंत होणार होती. जावई वाल्मिक टोळीबरोबर तोडीला जाणार, पण लेकीला पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळल्या पानांच्या खोपटात, बाळंत होऊ द्यायचं नाही, हे रंगुबाईनं मनाशी बांधून ठेवलं होतं. गोठ्याशेजारची पत्र्याची खोली तिला कामापोटी मिळालेली. तिथं बाज टाकायची, बाजेखाली शेगडी ठेवायची, आणि नातवंड भिंतींच्या आत जन्माला घालायचं. त्या चार भिंतींसाठी ती गाडीचा कानाकोपरा घाशीत होती.

घट बसायच्या आधी बंगल्याचा दसरा काढायला घेतला. गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळं अंगणात आलं, भिंती-फरश्यांवर पाणी खेळलं. आप्पासाहेबांच्या पत्नी, पंकजा वहिनीसाहेब, कठड्याला रेलून म्हणाल्या, "रंगुबाई, घरगाडीपण घरच आहे की. तिचाही दसरा काढ."

"पाईप लावू आत?"

"लाव की! गेल्या सहलीची धूळ तशीच आहे. चांगली धू."

रंगुबाईनं पाईप लावला. वरून, खालून, ओट्यामागून, बाकांखालून तिनं गाडी न्हाऊ घातली. बंगल्याची लेक संस्कृती मोबाईलवर ते टिपत खिदळत होती. "मावशी, इकडं बघा ना! अहो, हसा जरा!"

मावशीनं पदर सावरला आणि हसली. "त्या कोपऱ्यात मार अजून," मागून वहिनीसाहेब म्हणाल्या. तेही मोबाईलमध्ये उतरलं.

वरून गाडी वाळली. आत मात्र लाकडानं पाणी पिऊन घेतलं होतं. दसऱ्याच्या सकाळी आप्पासाहेब पूजेचं ताट घेऊन आत चढले, तर पायाखालची जमीन भाकरीसारखी फुगलेली. दिवा लागेना. बाकाखालच्या तारांना हिरवा गंज आणि जळका वास.

आप्पासाहेब ओरडणारे नव्हते. ते हळू बोलत, म्हणून माणसं त्यांना जास्त भीत.

"कुणी सांगितलं पाणी मारायला?"

"वहिनीसाहेब म्हनल्या, दसरा काढ."

"मी?" वहिनीसाहेबांनी तिच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. "मी पडदे धू म्हणाले होते. रंगुबाई, खोटं बोलायचं वय आहे का गं तुझं?"

"ताईनी मोबाईलमधी घेतलंय की! ताई, दावा ना वो आप्पांना."

संस्कृतीनं आधी आईकडे बघितलं, मग मोबाईलकडे. अंगठा एकदा हलला. "कुठंय? माझ्याकडे नाही काही."

"माळ काढ," आप्पासाहेब म्हणाले.

"आं?"

"गाडीला झेंडूची माळ घातलीस ना सकाळी? काढ ती. मेलेल्याची पूजा करत नाहीत."

रंगुबाईनं स्वतः ओवलेली माळ स्वतःच्या हातानं उतरवली. मग पायरीवर डोकं टेकलं. "चूक माझीच, आप्पा. कामाचं काय बी करा. पर खोली ऱ्हाऊ द्या पौषापतुर. लेक अवघडल्याली हाय."

"खोलीत दुसरा गडी येणार आहे," वहिनीसाहेब म्हणाल्या.

दिवाळी सरली. मायलेकी टोळीबरोबर निघाल्या. आणि पौषात कारखान्यानं टोळी पाठवली ती आप्पासाहेबांच्याच उसात. बांधाच्या या अंगाला कोप्या पडल्या, त्या अंगाला घरगाडी उभी होती, धुळीनं मळकटलेली. विहिरीच्या मोटारीवरून तिच्यात वायर ओढलेली, आणि पडद्याआड पिवळा बल्ब.

दिवस मावळता मावळता सुकन्याला कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्सला फोन लावला, पण फाट्यावर उसाची ट्रॉली उलटून रस्ता बंद पडलेला. बांधावरून वारं असं येत होतं, की कोपीतलं पाचट सळसळायचं थांबेना. रंगुबाई पळत बंगल्यावर गेली.

"वहिनीसाहेब, गाडी द्या. एका रातीपुरती. आत ऊब हाय, म्या बघितलं. सकाळी सगळं पुसून दीन."

वहिनीसाहेबांच्या चेहऱ्यावर खरंच काळजी उमटली. "अगं, तिथं आपली डेझी व्यायली आहे. चार पिल्लं आहेत. परकं माणूस शिरलं तर कुत्री पिल्लं खाऊन टाकते, माहीत नाही तुला?"

"मग खोली?"

"खोलीत माणूस आहे, सांगितलं ना तेव्हाच."

रंगुबाई माघारी आली. अंगावरचं लुगडं फेडून तिनं वाऱ्याच्या बाजूला बांधलं आणि परकरावरच लेकीचे पाय धरले. मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. रंगुबाईनं तिला पोटाशी धरलं, कोपीच्या तोंडाशी मूठभर पाचट पेटवलं, फुंकर घालून घालून तोंड भाजून घेतलं. उजाडायच्या आत मुलगी गार पडली. वाल्मिकनं कोयत्यानंच बांधाला खड्डा घेतला. सुकन्याचं दूध वाहत होतं आणि ती आईला विचारत होती, "आये, अजून का उठंना?"

"गप," रंगुबाई तिच्यावर खेकसली. "गप पड."

ऊन वर आल्यावर वहिनीसाहेब स्वतः बांधावर आल्या, शाल पांघरून. कोपीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"रंगुबाई, पिल्लांनी गाडीत नुसती घाण करून ठेवलीय. गड्याला पाठवलं, तर डेझी त्याच्यावर धावून गेली. तुला ओळखते ती. तुझ्यासारखं कुणाला जमतही नाही बाई. ये तेवढी." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "राग धरू नकोस. राहायला ये परत. खोली रिकामीच आहे, दसऱ्यापासनं."

रंगुबाईनं लेकीकडे पाहिलं. सुकन्या कुडकुडत होती, मांडीत रिकामी चिंधी घेऊन. बाळंतिणीला भिंत हवी होती, अजूनही.

"व्हय, वहिनीसाहेब," ती म्हणाली. वाऱ्याला बांधलेलं लुगडं तिनं सोडलं आणि पुन्हा नेसलं.

गाडीत शिरताच उबेचा एक लोट तिच्या तोंडावर आला. डेझीनं शेपटी हलवली. रंगुबाईनंच ऊन दाखवलेल्या गादीवर चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती, गुबगुबीत. रंगुबाई गुडघ्यांवर बसली. ओवीची पहिली ओळ सवयीनं ओठांवर आली, दुसरी आली नाही. तिनं पदर खोचला, कोरडं फडकं घेतलं आणि पुसायला लागली. फुगलेल्या जमिनीवर तिनं पाण्याचा एक थेंबही पडू दिला नाही.